सहकुटुंब, सहकुकर, कोलाडला

चौकट मोडून निसर्गात जायचं असं मध्यमवर्गीय माणसाने एकदा मनावर घेतलं की तो सर्वात आधी घर बरोबर घ्यायची व्यवस्था करतो. आमच्या शेजारच्या अण्णांनी त्यासाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. सोफा ओढला की पलंग होतो, पलंगाखाली फ्रिज, फ्रिजशेजारी ओटा आणि मागे, आत शिरल्यावर वळता येत नाही एवढं संडास-बाथरूम. पुण्यात एजंट एवढ्या जागेला ‘लक्झरी स्टुडिओ’ म्हणतात आणि पार्किंगचे वेगळे पैसे मागतात. इथे घरच पार्क होतं, त्यामुळे अण्णांना व्यवहार फायद्याचा वाटला. शेजारधर्म म्हणून आम्हालाही एक सीट मिळाली.

राज्य सरकारचं 2021 पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आहे. गाड्या उभ्या करायला पार्क असावेत, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी, असं त्यात छान लिहिलेलं आहे. अण्णांनी ते वाचलं होतं. आम्ही मुक्काम केला त्या खाचराच्या मालकाने वाचलेलं नव्हतं.

ठिकाण ठरलं कोलाड. जाहिरातीत त्याला ‘महाराष्ट्राचं ऋषिकेश’ म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंडलिका नदी, तिच्यावर राफ्टिंग, काठाला तंबू, तंबूत रात्री डीजे. ऋषिकेशला गंगा कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुंडलिकेला एवढं पाणी भर उन्हाळ्यात कुठून येतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

चांदणी चौक सुटेपर्यंतच वहिनींच्या लक्षात आलं की सहल सगळ्यांची आहे आणि स्वयंपाकघर त्यांचं आहे. “आत सगळं आहे, वाटेत गरमागरम पोहे करू,” असं अण्णांनी जाहीर केलं होतं. ‘करू’ हे अनेकवचन आदरार्थी होतं. वहिनींनी घरून भाजणी, मिक्सर, पाच लिटरचा कुकर आणि खबरदारी म्हणून छोटा कुकरही घेतला होता. चालत्या गाडीत बेल्ट लावून बसायचं, हे त्यांना मान्य होतं. कुकरला बेल्ट नव्हता. ताम्हिणी घाटाच्या वळणावर तो ओट्यावरून निघाला आणि थेट धाकट्याच्या पायावर उतरला. मिक्सर लावला तसा इन्व्हर्टरने शिट्टी मारून डोळे मिटले, आणि चटणी पाट्यावर वाटणाऱ्या पिढीविषयी सर्वांना अचानक आदर वाटू लागला.

त्याआधी मुळशीला आम्ही थांबलो होतो. समोर लांबच लांब निळं पाणी. थोरलीने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग’. नाना, म्हणजे अण्णांचे वडील, खिडकीशी बसून हळूच म्हणाले, “हे टाटांचं धरण आहे गं. याच्या तळाशी गावं आहेत. बापटांनी सत्याग्रह केला होता.”

“कोण बापट?”

“सेनापती बापट.”

“मॉलवाला रोड?”

नाना गप्प बसले. हा सत्याग्रह 1921 चा. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी इथेच मिळाली. मावळातली माणसं आपल्या भातजमिनी वाचवायला धरणाच्या कामावर आडवी पडली, तुरुंगात गेली. धरण झालंच. बापटांच्या नावे पुण्यात रस्ता आहे, मुंबईतही आहे, आणि दोन्हीकडे गाड्या तासन्‌तास अडून राहतात. सत्याग्रहाची परंपरा अशी चालू आहे.

आता त्या पाण्याची गोष्ट. मुळा नदीचा स्वभाव पूर्वेला जाण्याचा. पुण्यात मुठेला भेटायचं, मग भीमा, मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. धरणाने तिचं पाणी अडवलं आणि बोगद्यातून पश्चिमेला वळवलं. नळांतून ते सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. हे वीजघर 1927 पासून मुंबईला वीज पुरवतं. काम झालं की पाणी कुंडलिकेत सोडून देतात, आणि त्यावर आपण माणशी पैसे भरून ‘थरार’ अनुभवतो. मुंबईचे पंखे फिरवून निवृत्त झालेलं पाणी आहे हे. ते सरळ डोंगर फोडून उतरतं आणि आपण घाटातून, त्यामुळे ते आपल्याआधी पोचतं, आणि त्याच्या वाटेत मॅगीचे स्टॉलही नसतात.

मुक्कामी खाचराच्या मालकाने स्वतःच्या ओसरीवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढून दिला. एसी अर्धा तास चालला आणि लाइट गेली. पूर्ण वाडीचीच गेली. ज्या खोऱ्यातून शंभर वर्षं मुंबईला वीज जाते आहे, त्याच खोऱ्यात मालक कंदील घेऊन आला आणि म्हणाला, “येईल, साहेब. रोजचंच आहे.”

सकाळी प्रत्येकाने एका फॉर्मवर सही केली. जिवाचं बरंवाईट झालं तर जबाबदारी आमचीच, असं त्यात होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या खर्चावरून दोन तास भांडणाऱ्या अण्णांनी तो न वाचता सही करून दिला. मग आम्ही सगळे हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून काठावर रांगेने उभे राहिलो. नदीत दगड होते. गाइड फोनवर होता. “सुटलं का? अजून नाही?” अण्णांनी उत्साहात ‘हर हर महादेव’ची गर्जना केली तेव्हा राफ्टखाली वाळू होती. थोड्या वेळाने फोन वाजला, गाइडने अंगठा वर केला, आणि वळणापलीकडून नदी आली.

पुढचं राफ्टिंग झकास झालं. सहाच्या मोजपट्टीवर दोन-तीन दर्जाच्या लाटा, घरच्यांसाठी पुरेशा. वहिनी सगळ्यात पुढे बसल्या आणि पूर्ण सहलीत पहिल्यांदाच कुणी त्यांना चहा मागितला नाही.

दुपारी पाणी ओसरलं. ज्या लाटेत मृत्यू डोळ्यांसमोर दिसला असं अण्णा जेवताना सांगत होते, तिथून एक बाई चार शेळ्या घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. अण्णा तेव्हा पाठमोरे होते.

जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. राफ्टिंग सकाळीच असतं, कारण पाणी तेव्हाच सुटतं. दुपारी जाल तर दगड मोजत बसाल. मुंबईहून गोवा महामार्गाने येणाऱ्यांना थरार वाटेतच मिळेल, तो रस्ता 2011 पासून रुंद होतो आहे. आणि गाडीच्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे गाडी घेतानाच विचारून घ्या. कोलाडला तशी जागा सापडली नाही, म्हणून आमची भरलेली टाकी ताम्हिणी चढून पुण्यात परत आली. तिथलं मैलापाणी कुठे जातं हे पुणेकरांना सांगायला नको. मुळेचं स्वच्छ पाणी पश्चिमेला गेलं, त्याच्या बदल्यात आम्ही तिच्यासाठी हे घेऊन आलो.