पर्ससंकल्पीय अधिवेशन

तिवस्यात एखाद्या घरी नवी मोटारसायकल येते ती पेढ्यांसोबत. नवा मोबाइल येतो तो ‘स्कीम होती’ एवढ्या खुलाशावर. घरातल्या बाईच्या पर्सची चेन तुटून ती सेफ्टीपिनवर आली, की मात्र अधिवेशन भरतं आणि बनियनवर बसलेला प्रत्येक पुरुष अर्थमंत्री होतो.

पहिला प्रश्न निधीचा. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात पडायच्या आतच सिलिंडर, ट्यूशन आणि भिशी यांनी वाटून घेतलेले असतात. मग कृषिविभाग उठतो : “दीड हजाराची पर्स म्हंजे २८ किलो सोयाबीन झालं नं!” हिशेब चोख आहे. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. नवऱ्याचा अठरा हजारांचा मोबाइल याच भावाने सव्वातीन क्विंटलच्या वर जातो. पण पुरुषांचा माल काट्यावर चढत नसतो.

२२ सप्टेंबर २०२५पासून सुती आणि तागाच्या हँडबॅगांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लगेच उपसूचना : “मंग कापडी थैलीच काहून नाई?” तेवढ्यात लेकीने बातमी वाचून दाखवली. जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या लिलावात अभिनेत्री जेन बर्किन यांची वापरून झिजलेली बॅग ८६ लाख युरोंना गेली. भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात भरून ठेवणारे सासरे गंभीर झाले. “जुनीच जपून ठेवजो बाई, भाव येईन.”

अखेर अमरावतीला जायचं ठरलं. एसटीत बाईला अर्धं तिकीट, सोबतच्या सल्लागाराला पूर्ण. दुकानात घासाघीस करून तिने सोडवलेले शंभर रुपये सल्लागाराच्या गिल्या वड्यात गेले. पसंतही त्यानेच केली : काळी, म्हणजे मळ दिसत नाही, मोठी, म्हणजे सगळ्यांचं मावतं.

घरी येताच खातेवाटप झालं. पहिल्या कप्प्यात सर्वांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि सातबारा. दुसऱ्यात सासूबाईंच्या गोळ्या. तिसऱ्यात पोराची पाण्याची बाटली. बाहेरच्या चोरकप्प्यात नवऱ्याचा चार्जर आणि, सासऱ्यांना दिसू नये म्हणून, खर्रा.

तिचे स्वतःचे पैसे ठेवायला जागा उरली नाही. सभागृहाने त्याचाही विचार केला होता : पर्स घेतल्यावर पैसे उरलेच कुठे?