मनगटावरची नजरकैद

मुंबई-गोवा महामार्ग कधी पुरा होणार, यावर रत्नागिरीत आता कोणी वाद घालत नाही. उत्तर सर्वांना पाठ आहे. त्यामुळे रिकामी झालेली वादशक्ती सध्या एका नव्या प्रश्नावर खर्च होते आहे: रात्री झोपताना हातातलं घड्याळ काढावं की ठेवावं?

एचएमटीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला कारखाना सुरू झाला आणि मध्यमवर्गीय घरात घड्याळ आलं. कर्ता पुरुष रात्री ते काढी, चावी देई आणि कोनाड्यात चष्म्याशेजारी ठेवी. चावी विसरली तर घड्याळ बंद पडे, म्हणून माणूस घड्याळाची काळजी घेई. २०१६ साली केंद्राने एचएमटीचा घड्याळविभाग बंद करायला मंजुरी दिली. आता घड्याळच माणसाची काळजी घेतं, आणि ती काळजी घरच्यांना कळवतंही.

आमच्या आळीतल्या अण्णांना पुण्याच्या मुलाने असंच एक काळजीवाहू घड्याळ पाठवलं. झोपेचे गुण थेट मुलाच्या मोबाइलवर. सकाळी सातला फोन.

‘‘अण्णा, रात्री तीनला जागे होतात?’’

‘‘बागेत रानडुक्कर शिरलं होतं. पुढच्या खेपेला दिवसाचा ये म्हणून सांगतो त्याला.’’

‘‘शंभरात बावन्न गुण आहेत तुमचे!’’

‘‘मॅट्रिकला याहून कमी होते. तेव्हा तुझ्या आजोबांनी पेढे वाटले.’’

मे महिन्यात पट्ट्याखाली घाम साचून खाज सुटते, ही अण्णांची तक्रार. त्यावर मुलाचा शेरा, ‘‘पट्टा धुवा, पुसा, होईल सवय.’’

वास्तविक या घड्याळाला झोप दिसत नाही. ते कातडीवर उजेड टाकतं, रक्ताच्या वाहण्यावरून ठोके मोजतं, हाताची हालचाल टिपतं आणि बाकीचा अंदाज बांधतं. झोपेचे टप्पे नीट तपासायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी नोंदवाव्या लागतात. लाइट गेल्यावर महावितरणचा उद्धार करत निपचित पडून राहिलेला माणूसही घड्याळाच्या हिशेबी झोपलेला ठरू शकतो. टॉयलेट पेपरच्या रोलला गुंडाळल्यावर त्याचेही ठोके दाखवणारी घड्याळं निघालेली आहेत. त्या रोलला गाढ झोप किती लागली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

वर उपदेश असा की, रोज ठरल्या वेळी झोपा. हे राजिवड्यातल्या मच्छीमाराला सांगून बघा. भाट्ये खाडीच्या तोंडाशी गाळ, होडी बाहेर पडणार भरतीला, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकणार. घड्याळाच्या लेखी हा इसम जन्मभर बेशिस्त. सूर्यही त्यातलाच. रत्नागिरीत तो भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३७ मिनिटं मागे चालतो. त्याला गुण द्यायची सोय अजून निघालेली नाही, एवढंच.

नजरकैदेचा अनुभव या गावाला जुना आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याच्यावर देखरेखीला इंग्रजांनी खास अधिकारी नेमला होता. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. एवढं बलाढ्य साम्राज्य, पण ‘काल गाढ झोप किती मिनिटं लागली?’ हे विचारण्याची बुद्धी त्याला झाली नाही. ती आमच्या पोरांना झाली. शिवाय तेव्हा कैद्याचा खर्च सरकार करी. आताचा कैदी बेडी हप्त्यावर घेतो आणि तिला चार्जिंगही स्वतःच करतो.

झोपेच्या आकड्यांची चिंता करून झोप उडवून घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव सुचवलं. म्हणजे झोप मोजायची, मोजल्यामुळे ती घालवायची आणि किती गेली हे पुन्हा मोजायचं. एवढा चोख हिशेब आमच्या पतपेढीतसुद्धा ठेवत नाहीत.

तेव्हा प्रश्नाचा निकाल असा: घड्याळ झोपताना जरूर घालावं, पण ज्याला आकड्यांची हौस त्याने, स्वतःच्या हातात. अण्णांनी त्याची अंमलबजावणीही केली. घड्याळ पुण्याला परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: ‘तू घाल. गुण मला कळव. सातला फोन करीन.’

मुलाने चार रात्री घातलं. हल्ली पट्ट्याने मनगटाला फार पुरळ येतं म्हणतो. अण्णांनी त्याला पट्टा धुवायला, पुसायला आणि सवय करून घ्यायला सांगितलं आहे.