औट आणि हूँठा

दहावीला गणितात मला ३१ मार्क पडले. पास व्हायला ३५ लागायचे. चार मार्कांनी माझं शिक्षण संपलं आणि त्याच जूनमध्ये चुलत्यांनी मला विट्याच्या स्टँडवरून उचलून लखनऊला आणलं. गणितातून सुटलो म्हणून मी वाटेत दोनदा भजी खाल्ली. तेव्हा कुठं ठाऊक होतं, की पुढची सव्वीस वर्षं सकाळी दहा ते रात्री नऊ आपल्याला शेकडेवारीच करायची आहे!

आमचा धंदा गलाईचा. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी हे तालुके दुष्काळी. आमच्याकडं पाऊस चुकला तर कुणी बोलत नाही, पडला तर बोलतात. त्यामुळं माणसं बाहेर पडली, बहात्तरच्या दुष्काळानंतर तर जास्तच, आणि देशभरातल्या सराफ बाजारांत भट्ट्या लावून बसली. जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं तांबं-चांदी काढायची, शुद्ध लगडी करून द्यायची. ज्यांच्या रानात कुसळं उगवत नाहीत त्यांनी मुलखाचं सोनं शुद्ध करायचं, हा देवाचा विनोद. आमच्या वाट्याला लखनऊचा चौक आला. गोल दरवाज्यातून आत शिरायचं, चिकनचे कुर्ते, अत्तर, ठंडाई, समोरून येणारी स्कूटर आणि तिच्यावरचे तिघे यांना चुकवत सराफ्याच्या गल्लीत वळायचं. तिथं 'मराठाजी' म्हणून विचारलं की माझं दुकान दाखवतात.

उत्तरेकडच्या शाळांचं एक न कळणारं गणित आहे. वर्ग चढतो १ एप्रिलला. नवी पुस्तकं येतात, वह्यांना कव्हरं घातली जातात, दीड महिना शिकवतात आणि मेमध्ये सुट्टी. आपल्याकडं सुट्टीत मागचं वर्ष विसरलं तरी चालायचं, ते संपलेलं असायचं. इथं चालू वर्षच विसरतं. म्हणून हॉलिडे होमवर्क. आमचे चिरंजीव यंदा आठवीत गेले. त्यांना गणिताच्या चाळीस उदाहरणांचा गठ्ठा मिळाला आणि वर सूचना, 'गणित दैनंदिन जीवनात शोधा.' शोधायचं काम अर्थातच बापाकडं.

सौ.नी मोबाईलवर वाचून काढलं, की अमेरिकेत हॅरिस कूपर नावाच्या प्राध्यापकानं १९९६ साली सुट्टीतल्या विसरण्यावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले, आणि सरासरीनं मुलं साधारण महिनाभराचं शिकलेलं गमावतात असं निघालं. त्यातही आकडेमोड जास्त. हे तिनं रात्री जेवताना वाचून दाखवलं आणि म्हणाली, "सगळी पोरं महिन्याचं विसरतात. ह्याला येतंय पंधरा दिवसांचं. मग राहिलं किती?"

"उणे पंधरा दिवस," पोरगं भाकरी मोडत म्हणालं.

पूर्णांकांचा धडा असा ताटावरच उरकला. उरलेलं गणित मी शिकवायचं ठरलं. माझे ३१ मार्क घरात फक्त आईला ठाऊक आहेत आणि ती विट्याला असते, या हिशोबानं मी हो म्हणालो.

सुरुवात आंब्यांपासून केली. जूनमध्ये मलिहाबादची दसहरी चौकात हातगाड्यांवर येते आणि किलोवर विकली जाते. (डझनाचा भाव विचारला तर गाडीवाला आपल्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघतो.) मी म्हणालो, "समज, शेजारचा मुलगा म्हणाला, हम बारह आम लाए और हमने बराबर बाँट लिए. प्रत्येकाला किती?" पोरगं विचारात पडलं. मग म्हणालं, "पप्पा, 'हम' म्हणजे किती जण?" आता लखनऊत एकटा माणूसही स्वतःला 'हम'च म्हणतो. भाजक एक की चार, हे बोलणाऱ्याच्या घरी जाऊन माणसं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ते उदाहरण तिथंच सोडून आम्ही आंबे खाल्ले. मी सात, तो पाच. समान वाटणी झाली नाही, पण बाकी शून्य उरली.

मग काळ-काम-वेग. त्यासाठी मी त्याला संध्याकाळी ऊन उतरल्यावर बड्या इमामबाड्याकडं चालवत नेलं. १७८४च्या सुमाराला दुष्काळ पडला तेव्हा नवाब आसफउद्दौलानं लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. म्हणजे आमच्याकडच्या रोजगार हमीचीच नवाबी आवृत्ती. इथले लोक आणखी एक सांगतात: दिवसा गोरगरीब भिंती बांधायचे आणि रात्री, अंधारात तोंड दिसू नये म्हणून, उपाशी पडलेले सरदार-दरकदार येऊन त्याच भिंती पाडायचे, त्यांनाही मजुरी मिळायची. खरं-खोटं तो इमामबाडा जाणे, पण याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार? हौदात एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो, त्यातलंच हे. मी विचारलं, "दिवसा बांधतात तेवढंच रात्री पाडलं, तर इमामबाडा किती दिवसांत पूर्ण होईल?"

"कधीच नाही."

"शाबास!"

"पण पूर्ण झालाय ना." त्यानं वर हात केला. समोर एवढी थोरली इमारत उभी होती, आतलं दालन पन्नासेक मीटर लांब आणि मध्ये एक तुळई नाही. "म्हणजे पप्पा, रात्रपाळीवाले कामचुकार होते."

मी त्याला कुल्फी घेऊन दिली. दुसरं काय करणार? उत्तर बरोबर होतं, फक्त उदाहरणाला ते नको होतं.

तिसऱ्या दिवसापासून मी त्याला दुकानात बसवायला लागलो. भट्टी आणि तेजाब मागच्या खोलीत, तिकडं त्याला बंदी. तो पुढं गादीवर, काट्याजवळ. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत भट्टीत सोनं १०६४ डिग्रीला वितळतंय, आणि मध्ये आमचं हे गुणोत्तर-प्रमाण. पहिल्याच दिवशी त्याचा प्रश्न आला. सोनं शुद्ध करायचं तर आपण आधी त्यात चांदी घालतो: एक भाग सोनं, तीन भाग चांदी होईल अशी. मगच तेजाबात टाकतो. "घाण काढायला घाण घालायची?" मी समजावलं, सोनं दाट असेल तर तेजाब आतवर पोचत नाही. चौथा हिस्सा सोनं राहिलं की चांदी-तांबं विरघळून निघून जातं आणि खाली तपकिरी भुकटी उरते, ती मुशीत टाकणखार घालून वितळवली की लगडी. त्यानं मान डोलावली. "आमच्या गणिताच्या मॅडम पण असंच करतात. आधी एक्स घालतात, मग काढतात."

त्या एक्सवरूनच आमचं वाजलं. गठ्ठ्यातलं एक उदाहरण योगायोगानं सोन्याचं होतं: १८ कॅरेटचं ४० ग्रॅम सोनं २२ कॅरेटचं करायला शुद्ध सोनं किती घालावं? मी पेन न उचलता म्हणालो, "ऐंशी ग्रॅम." बावीसमधून अठरा गेले चार, चोवीसमधून बावीस गेले दोन, चाराला दोन, म्हणजे चाळिसाची दुप्पट. इथं कुठं एक्स लागतो? त्यानं मात्र एक्स धरला, कंस केले, बाजू बदलल्या, एका ठिकाणी चिन्ह चुकलं, खोडलं, परत केलं आणि पाऊण पानानंतर ऐंशीवर आला. मी विजयी मुद्रेनं बघत होतो. तो म्हणाला, "तुमच्याला मार्क नाही मिळणार. पायऱ्या नाहीत."

हे मला कुणीतरी दहावीतच सांगायला हवं होतं.

खरं तर हे उदाहरण आमच्या घरचंच. ११५०च्या सुमाराला भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली, तिच्यात सुवर्णगणित नावाचा भागच आहे. निरनिराळ्या कसाची सोनी एकत्र वितळवली तर नवा कस किती, हेच त्यात. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या विद्येसाठी मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. म्हणजे गलाईचा पहिला मास्तरही आमच्याच बाजूचा धरायला हरकत नाही. भानगड एवढीच, की लीलावतीतलं शुद्ध सोनं सोळा वर्णांचं, सराफाचं चोवीस कॅरेटचं, हॉलमार्कवाल्यांचं ९९९चं, चौकात आम्ही म्हणतो शंभर टंच, आणि मराठी भाषेत ते बावनकशी. सोनं तेच. पोरगं म्हणालं, "यावर लसावि काढायचा का?" मी त्याला गप्प बसवलं, पण नंतर कॅल्क्युलेटरवर बघत बसलो होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई आली. गावाकडचं एक कुटुंब परतत होतं, त्यांच्या सोबतीनं कल्याणला पुष्पक पकडून. ती चौथी शिकलेली. दुकानात पोराचा गठ्ठा बघून म्हणाली, "पाढं म्हण बघू." त्यानं म्हटले, इंग्रजीत, वीसपर्यंत. मग मराठीत नुसते आकडे म्हणायला लावले तर एकोणसाठवर अडला, कारण रस्त्यावर त्याला उनसठ ऐकायची सवय. आपली मराठी निदान सरळ वागते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. हिंदीत उनसठ, उनहत्तर, उनासी आणि मग अचानक नवासी! तिथं मीसुद्धा सव्वीस वर्षांत दोनदा गिऱ्हाईकाला दहा हजारांनी चुकवलंय.

"आन् औटकी?" आईनं विचारलं.

"ते काय असतं?"

"आरं, औट म्हंजी साडेतीन. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, आपलं आंग साडेतीन हात. औट येत न्हाई तर तुला मराठी म्हणायचं कसं?"

समोरच्या पेढीवरचे मुनीमजी त्या वेळी पानाचा डबा घेऊन आमच्या पायरीवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पेढीवर संगणक आला तरी हे अजून बोटांच्या पेरांवर बेरीज करतात आणि संगणकाच्या आधी सांगतात. त्यांनी 'साडेतीन' एवढं पकडलं. "हूँठा!" ते म्हणाले. "माताजी हूँठा पढ़ा रही हैं!"

आईला हिंदी येत नाही. मुनीमजींना मराठीचा गंध नाही. पण आईनं मांडीवर हात आपटून सुरुवात केली आणि मुनीमजींनी पायरीवरून साथ धरली. सात. साडेदहा, साढ़े दस. चौदा, चौदह. साडेसतरा, साढ़े सत्रह. पुढच्या दुकानातला कारागीर हातोडी थांबवून बघायला लागला. ठंडाईचे ग्लास घेऊन निघालेलं पोरगं ट्रेसकट उभं राहिलं. साडेचोवीसला मुनीमजी जरा पुढं गेले, अठ्ठावीसला आईनं गाठलं. नवव्या घराला साडेएकतीस आले आणि दहाव्याला दोघं एकदमच पस्तीसवर पोचले.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. सबंध औटकीत ही शेवटची दोनच घरं माझ्या ओळखीची होती, आणि खालच्यालाही मी अर्ध्या मार्कानं पोचलो नव्हतो. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही तेच आठवलं असणार, पण ती माउली काही बोलली नाही.

मुनीमजींना चेव चढला. औटकीनंतर आमचं संपतं, त्यांच्याकडं साडेचारचा ढौंचा असतो, साडेपाचचा पहुँचाही असतो. ते ढौंचा म्हणायला लागले. आई पदर सारखा करत म्हणाली, "साडेचाराला आमच्यात कोन विचारत न्हाई." मी याचं भाषांतर "माताजी थक गई हैं" असं केलं.

त्यानंतर पोरगं रोज दुपारी दोघांमध्ये बसायला लागलं. पाऊणकी आणि पौना, सवायकी आणि सवैया, दिडकी आणि ड्योढ़ा. कूपरसाहेबांच्या हिशोबात हे कुठल्या रकान्यात बसलं असतं, सांगता येत नाही; अभ्यासक्रमात नाही, म्हणजे विसरलं असंही म्हणता येणार नाही.

एकदा एक गिऱ्हाईक जुन्या बांगड्या घेऊन आलं. बरोबर पन्नास ग्रॅम भरल्या. टंच काढला, चौऱ्याऐंशी. मी कॅल्क्युलेटर ओढला. गादीवरून आवाज आला, "बेचाळीस."

"तुला काय माहीत? दाबू दे मला."

"पप्पा, पन्नासचे चौऱ्याऐंशी टक्के काढायला वेळ लागतो. चौऱ्याऐंशीचे पन्नास टक्के काढा. निम्मे."

मी कॅल्क्युलेटर दाबला. ४२. उलटं करून दाबला. ४२. मग पंचवीस ग्रॅम आणि शहाण्णव टंच घेतले, तर चोवीस, शहाण्णवचा पाव. सव्वीस वर्षं मी रोज सरासरी तीसेक वेळा हे आकडे सरळ बाजूनं दाबत आलोय. दोन बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. एकदाही उलटून बघितलं नाही. गिऱ्हाईक पोराकडं बघून म्हणालं, "माशाअल्लाह," आणि माझ्याकडं बघून काहीच म्हणालं नाही.

"कोणी शिकवलं?"

"कुणी नाही. गठ्ठ्यातल्या सतराव्या उदाहरणात दिसलं."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी गठ्ठा काढून सतरावं उदाहरण बघितलं. मग अठरावं. एकोणिसाव्याला अडलो.

आई जूनअखेरीस परत निघाली. निघायच्या सकाळी मुनीमजींनी एक करंडी पाठवली, वर दसहरीची पानं आणि एक चिठ्ठी: 'माताजी के लिए, एक हूँठा.' पोरानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "साडेतीन किलो." आई म्हणाली, "मोजून घे. सराफाच्या घरचं हाय." करंडी रिकामी करून आम्ही आंबे चांदीच्या काट्यावर ठेवले. तीन किलो चारशे ऐंशी.

"वीस ग्रॅम घट," मी म्हणालो.

"अर्ध्या टक्क्याच्या जरा वर," पोरगं म्हणालं. "उन्हात आली ना. चालतंय."

आईनं एक आंबा उचलून नाकाशी धरला आणि त्याच्या हातात दिला. "आता हिशोब मांड. एक तू खाल्लास, तर किती राहिलं?"

"किलोत सांगू का नगात?"