भुरका मारत लालबागपर्यंत

लंडनहून आलेल्या पुतणीनं मला चहाचा डबा दिला. बारा कप्पे, बाराही कप्प्यांत वेगवेगळ्या पुड्या आणि झाकणाच्या आत प्रत्येक चहाची जन्मकुंडली. एकात जाईची फुलं, एकात आंबा, एकात बर्गामॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल, तर एकाला म्हणे पाइनच्या लाकडाचा धूर दिलेला. आमच्या हिनं ती धुराची पुडी नुसती हुंगली आणि मला म्हणाली, "गॅसवर काही लागलंय का बघा."

पुतणीनं त्यातला जाईचा चहा करून माझ्या हातात दिला.

"कसा आहे, काका?"

"छान."

"छान म्हणजे?"

"गोड आहे."

"यात साखरच नाहीये."

त्रेसष्ट वर्षं मी ज्याला चहाची चव समजत होतो ती साखरेची होती, हे असं भर दिवाणखान्यात उघड झालं. पुतणीनं तिकडे चहा चाखण्याचा रीतसर कोर्स केलेला. तिनं निदान केलं की माझी जीभ निरक्षर आहे. मग साक्षरता मोहीम ठरली. एक दिवस, गिरगाव ते लालबाग, ठिकठिकाणी एकेक चहा आणि प्रत्येकाची वहीत नोंद: रंग, वास, चव आणि गिळल्यानंतर मागे काय उरतं ते. बँकेची एक कोरी डायरी पडून होती. निवृत्त माणसाकडे कोऱ्या डायऱ्या आणि मोकळे दिवस यांची ददात नसते.

निघण्यापूर्वी तिनं दोन नियम सांगितले. पहिला, चहा चाखताना मोठ्यानं भुरका मारायचा. चहाबरोबर हवा आत गेली पाहिजे, म्हणजे तो जिभेवर सगळीकडे पसरतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. हे ऐकून मी थक्कच झालो. लहानपणी भुरका मारला म्हणून मी वडिलांचा मार खाल्लाय. आमचे आजोबा बशीत चहा ओतून असा भुरका मारत की तिसऱ्या मजल्यावर कळे, पहिल्या मजल्यावर आप्पा उठले. कोलकात्यात १८६१पासून चहाचे लिलाव होतात आणि तिथं भुरके मारण्याचा पगार देतात. आजोबा जन्मभर फुकट भुरकत राहिले.

दुसरा नियम, चाखलेला चहा थुंकायचा. याला मी साफ नकार दिला. एक तर महापालिका दंड करते आणि दुसरं म्हणजे पैसे दिलेला चहा थुंकणारा माणूस गिरगावात जन्मूच शकत नाही.

पहिला चहा घरचाच. आमच्या गॅलरीत फुटक्या बादलीत गवती चहा लावलाय. बादली आमची, पाती साऱ्या मजल्याची. हिनं आधण ठेवलं, आलं ठेचून टाकलं, पाती कात्रीनं कापून टाकली, साखर, पूड, उकळी, दूध आणि परत उकळी. पुतणी बघत होती. म्हणाली, "काकू, चाखण्यासाठी चहा करायचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी वरून ओतायचं आणि सहा मिनिटं झाकून ठेवायचं. उकळायचं नाही." ब्रिटिशांच्या मानक संस्थेनं चहा कसा करावा याचं सहा पानी परिपत्रक काढलं आणि १९९९ साली त्याला साहित्याचं इग्नोबेल मिळालं, हेही तिनंच सांगितलं. इग्नोबेल म्हणजे नोबेलचं टवाळ भावंड.

ही म्हणाली, "मिनिटं कोण मोजतंय? तीनदा वर आला की झाला."

यात हिची चूक नाही. आपली पूड गोळीदार असते. १९३० साली आसामात अमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅककर्चर नावाच्या साहेबानं पत्ती चिरडून, फाडून, वळवून तिच्या गोळ्या करणारं यंत्र काढलं. ती गोळी उकळीला भीत नाही, झटकन रंग सोडते आणि दुधाला पुरून उरते. नाजूक पानाचा चहा असा तीनदा वर आणला तर कडूजार होईल. पहिली नोंद मी केली: 'रंग विटकरी. वास आल्याचा, गवती चहाचा आणि शेजारच्या कांद्याच्या फोडणीचा.' पुतणीनं फोडणी खोडली. मी ती परत लिहिली.

तिथून चालत धोबी तलाव. कयानी हे इराणी हॉटेल १९०४पासून तिथं आहे आणि एके काळी दक्षिण मुंबईत कोपरा म्हटला की इराणी, असं समीकरण होतं. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्यापैकी एकाकडे शिरलो. 'पानी कम' हे शब्द पुतणीला आरोग्याचा सल्ला वाटले. पाणी कमी, दूध जास्त, चहा कडक, असा त्याचा अर्थ लावून दिला. बरोबर ब्रून मस्का. ब्रूनचं कवच इतकं टणक असतं की त्याला चहात बुडवूनच शरण आणावं लागतं. बुडवला की लोण्याचे पिवळे डोळे चहावर तरंगायला लागतात. "काका, चव बिघडते!" ती कळवळली. मी लिहिलं: 'मागे उरतं: लोणी.' तिनं वेटरला विचारलं, "हा चहा कुठल्या मळ्यातला?" तो म्हणाला, "अंदर का." आसाम, दार्जिलिंग, अंदर.

मरीन लाइन्सला गाडी पकडली. चर्नी रोड आलं तसे मला चौपाटीवरचे टिळक आठवले आणि पुतणीला मी तिच्या कोर्समध्ये नसलेला धडा दिला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्त्यांकडे, मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यावरून असं ग्रामण्य माजलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक, रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. "एका कपासाठी?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तोही बहुधा फळकवणी असणार. मिशनचा होता."

प्रायश्चित्त म्हणजे काय ते मला लोअर परळला कळलं.

गिरणीच्या आवारात आता काचा आहेत आणि काचांच्या आत एक चहाचं दालन. मेन्यूकार्ड अकरा पानी, म्हणजे ब्रिटिश मानकाहून पाच पानं जास्त. हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा हे सगळे एकाच झाडाचे. पानाला हवेत किती काळं पडू दिलं एवढाच फरक, असं पुतणीनं समजावलं. कॅमोमाइल मात्र त्या झाडाचा नाहीच. म्हणजे काढाच. काढा आमच्या आजीनं नाक दाबून फुकट पाजला असता. निळा चहा मागवला तर कपात गोकर्णीची फुलं निघाली. ती आम्ही रोज देवाला वाहतो. लिंबू पिळल्यावर निळ्याचं जांभळं झालं. शेजारच्या टेबलावरच्यांनी व्हिडिओ काढला. चवीबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण ती नव्हतीच. प्रत्येक किटलीबरोबर वाळूचं छोटं घड्याळ येतं. वाळू संपली की प्यायचं.

त्या वाळूकडे बघताना मला मामा आठवले. ते गिरणीत साचेखात्यात होते आणि भोंग्यावर चहा प्यायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मामांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा म्हणून वाजला नाही. मामा त्यानंतरही तीनच्या ठोक्याला चहा मागत, दुसऱ्या पाळीच्या हिशेबानं. हे मी पुतणीला सांगितलं नाही. तेवढ्यात बिल आलं. तीन किटल्यांचे सहाशे ऐंशी, वर जीएसटी. शंकराचार्यांनी स्वस्तात सोडलं म्हणायचं.

दादरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्टेशनबाहेर तंदुरी चहा घेतला. भट्टीत लालबुंद तापवलेल्या कुल्हडात चहा ओतला की तो फसफसून बाहेर येतो. पहिल्या पावसासारखा मातीचा वास मात्र खरंच छान येतो. अर्धा मी प्यायलो. उरलेला अर्धा गर्दीतल्या एका पांढऱ्या शर्टानं प्यायला.

परळला केईएमसमोरच्या टपरीवर कटिंग सांगितलं. इथं किटली खाली ठेवलेली दिसत नाही. गिऱ्हाईक बहुतेक गावाकडचं, रात्रभर व्हरांड्यात बसलेलं. चादरीची घडी काखेत, हातात केसपेपर. एक पाहुणा प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच चहा बांधून घेत होता, पिशवीला रबर लावून, वर पाच कागदी कप. पुतणीनं वही काढली, ग्लास उजेडाला धरला आणि शास्त्रोक्त भुरका मारला. पाहुण्यानं आमच्याकडे बघितलं आणि इथली माणसं एकमेकांना पहिल्यांदा जे विचारतात तेच विचारलं.

"तुमचं कोण आहे आत?"

आम्ही चव बघायला आलोय, हे काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "लांबचे पाहुणे आहेत."

"हुईल बरं," तो म्हणाला. "डाक्टर चांगले हायती हितले." आणि पिशवी सांभाळत रस्ता ओलांडून गेला.

ते पान वहीत कोरं आहे.

लालबागला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. एप्रिलचा महिना, म्हणजे वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा हंगाम. मसाला गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, डंकांची धडधड आणि डोक्याला फडकी बांधून नंबरला बसलेल्या बायका. त्यांच्यातली एक मालवणी मसाल्याचं प्रमाण दुसरीला सांगत होती आणि दुसरी तिचं ऐकत नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच चहावाला. दोन कटिंग घेतले.

पुतणीनं ग्लास नाकाशी नेला आणि तिचे डोळे चमकले. (पाणी आलं होतं, पण चमकलेही.) तिनं भराभर लिहायला घेतलं: धणे, दगडफूल, भाजलेलं खोबरं, हळद आणि वर झणझणीत असं काहीतरी, जे घशात राहतं. लंडनला इतका गुंतागुंतीचा चहा आपण चाखला नाही, म्हणाली. पान भरलं, ती उलटून पुढच्या पानावर गेली.

"दादा, यात काय काय घालता?"

चहावाल्यानं फडक्यानं कपाळ पुसलं. "पत्ती, साखर, दूध. बाकी वारा."

तिनं खातरी करायला भुरका मारला. शास्त्रानुसार हवा आत गेली. त्या हवेत पाच किलो बेडगी होती. मग जो ठसका लागला त्यात दोन्ही नियम एकदमच पाळले गेले: भुरकाही झाला आणि थुंकूनही झालं, थेट वहीवर. नंबरला बसलेल्या बायकांनी तिला पाणी दिलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि एकीनं मला सुनावलं, "पोरीला इथं उभं करून चहा पाजतात का हो? अक्कल नाही?"

दोन कटिंगचे वीस रुपये झाले. पुतणी शिंकत शिंकत म्हणाली, "अजून एक सांगा."

पुढच्या आठवड्यात ती लंडनला गेली, जाताना पाव किलो मालवणी मसाला घेऊन. वही मिरचीच्या डागांसकट माझ्याकडे आहे. डबाही आहे, त्यातले अकरा चहा तसेच आहेत, धुराचा तर हिनं बाहेर गॅलरीत ठेवलाय. कोणाला चाखायचे असतील तर रविवारी सकाळी दहानंतर गिरगावात या. येताना अर्धा लिटर दूध आणा.