फलकावरच्या सुखी कुटुंबास अनावृत पत्र

प्रति,
श्री. व सौ. (आडनाव फलकावर दिलेले नाही),
मुक्काम गृहकर्जाचा फलक, बसस्थानकासमोर, आदिलाबाद.



भाऊ, वहिनी, तुम्ही आमच्या गावी राहायला आलात त्याला बरेच दिवस झाले, पण ओळख करून घ्यायची राहूनच गेली. तुम्ही वीस फूट उंचावर, आम्ही खाली बसची वाट पाहत उभे. दोन्ही मुलांसकट तुम्ही सदा हसता, मधोमध भली मोठी किल्ली. पहिल्या पावसात इथली काळी माती चप्पल ओढून घेते, त्यामुळे तुमच्या पांढऱ्याशुभ्र बुटांचे आमच्या घरी फार कौतुक आहे.

तुमच्या डोक्यावर 'गृहकर्ज 8 टक्क्यांपासून' असे तेलुगूत आणि इंग्रजीत लिहिले आहे. आमच्यासारखी मराठी बोलणारी घरे जिल्ह्यात पुष्कळ, पण तेवढे तेलुगू आम्हाला कळते. टक्क्यांच्या शेजारी एक चांदणी आहे. तिचा खुलासा तुमच्या बुटांखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि फक्त इंग्रजीत. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरांत हवा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये सांगून ठेवले आहे. ते पाळायचे तर तुम्हा चौघांना उभे राहायला जागा उरणार नाही. तुमची अडचण आम्ही समजू शकतो.

एक विचारायचे होते. तुम्हाला स्वतःला तो 8 टक्के दर मिळाला का? आमच्यापैकी जो जो शाखेत गेला त्याला कळले की तो दर पक्क्या पगाराच्या, उत्तम क्रेडिट स्कोअरच्या माणसासाठी असतो. आमच्याकडे कापसाच्या काट्याची पावती असते. पैसा येतो दसरा ते संक्रांत, आणि 'सुलभ मासिक हप्ता' मात्र ज्येष्ठातसुद्धा कापला जातो. एकाने तर फलकाचा फोटो काढून नेला आणि काउंटरवर दाखवला. आतला मुलगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, ती ऑफर संपली." फलक अजून आहे, हे वेगळे सांगायला नको.

तरी लोक येतात. अडाणी म्हणून येतात असे समजू नका. इथे व्याज शेकड्याने मोजायची सवय आहे: शंभराला महिना दोन रुपये, फारच अडले तर तीन. म्हणजे वर्षाला 24 ते 36 टक्के. त्या मापाने 8 तर सोडाच, 14 टक्केसुद्धा धर्मादाय वाटतात. म्हणून दराची घासाघीस कोणी करत नाही. प्रश्न एकच: "हप्ता किती बसतो?" एजंटाला हा प्रश्न फार आवडतो, कारण मुदत ताणली की उत्तर हवे तेवढे लहान करता येते.

घर तारण घेऊन कर्ज मिळवून देणारा असाच एक एजंट 'साडेसात टक्के फ्लॅट' असे सांगत आमच्या गल्लीत आला होता. मी वही काढली. 10 लाख, 10 वर्षे. मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पुऱ्या 10 लाखांवर, म्हणजे साडेसात लाख. हप्ता 14,583 रुपये. उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायच्या बँकेच्या रीतीने पाहिले तर एवढा हप्ता जवळपास 12.4 टक्क्यांचा निघतो. एजंट म्हणाला, "सर, तुम्ही फारच खोलात जाता." खरे आहे. खोलात आम्ही आधी जातो, बाकीचे नंतर जातात.

आता तुमच्या हसण्याविषयी. ते 2021 च्या सणासुदीतले असेल तर काळजी वाटते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता आणि गृहकर्ज साडेसहाच्या आसपास मिळत होते. 20 लाख, 20 वर्षे, हप्ता 14,911. मे 2022 पासून रेपो चढू लागला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहावर पोचला. त्याच्याशी बांधलेला तुमचा दर 9 झाला असणार. 20 लाखांवर 9 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 15,000. वहिनी, पुन्हा एकदा वाचा: हप्त्यापेक्षा व्याज जास्त! मधल्या काळात थोडे मुद्दल फिटले म्हणून काठावर वाचला असाल. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाई, आणि कित्येकांना ते खात्याचा उतारा पाहिल्यावरच कळे. शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. फलकावर तुमच्या कडेवर बसलेल्या धाकट्याला हे अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. बहुधा तोच फेडणार आहे.

तुम्ही कर्ज घेतलेत तेव्हा नव्हता असा एक कागद आता निघाला आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा प्रत्येक कर्जाआधी मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. प्रक्रिया शुल्क, हळूच चिकटवलेला विमा, सगळे धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात असते. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. आमच्या शेजाऱ्याने मराठीत मागितले. त्याला इंग्रजी गठ्ठा मिळाला, पेन्सिलीने फुल्या मारलेला. फुली तिथे सही. त्याने सही केली नाही, गठ्ठा घेऊन घरी आला आणि पुतणीला बसवून पानापानाचा अर्थ विचारला. तिसऱ्या पानावर विमा सापडला. दुसऱ्या दिवशी जाऊन तो काढायला लावला, तेव्हा कर्ज मंजूर झाले.

आता कामाचे बोलतो. आमच्या मेव्हण्याला घर बांधायचे आहे आणि शाखेत जामीनदार मागतात. तुमच्याइतके निश्चिंत, नेहमी एकाच पत्त्यावर सापडणारे कुटुंब जिल्ह्यात दुसरे नाही. तुमचे नाव देऊ का? आडनाव तेवढे कळवा.

आपला,
खाली उभा असलेला एक शेजारी