जमीन आणि माणसं ऐनवेळी नकोत

कुठल्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी एक ओळ असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. दूध संस्थेत असते, पतसंस्थेत असते, विद्यापीठाच्या अधिकार मंडळातही असते. तिच्या पोटात काय काय मावतं हे सहकारात वाढलेल्या कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. म्हणून आज एकच मागणी. शिवाजी विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेपुढे विद्यापीठाची जमीन आणि विद्यापीठाची माणसं, हे दोन विषय या ओळीखाली कधीही येता कामा नयेत. 'कार्योत्तर मान्यता' म्हणून तर मुळीच नाही.

व्यवस्थापन परिषद गावाला फारशी माहीत नसते. गावाला अधिसभा माहीत असते. तिथे प्रश्नोत्तरं होतात, 'सुटा' ही शिक्षक संघटना आणि विकास आघाडी हा गट यांची जुंपते, सभात्याग होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 वाचा. अधिसभेकडे अंदाजपत्रक आणि समाजाच्या वतीने चार गोष्टी सांगण्याचं काम दिलं आहे. मुख्य कार्यकारी आणि धोरण ठरवणारं मंडळ म्हणून नाव घेतलंय ते व्यवस्थापन परिषदेचं. कायद्याने दुसऱ्या कोणाला नेमून न दिलेलं कामही तिच्याकडेच येतं. इमारत कुठे उठणार, कंत्राट कोणाला, कोणतं पद भरायचं, कोणाची चौकशी लावायची, सगळं त्या एका टेबलावर. आणि त्या टेबलाभोवती जेमतेम वीसेक माणसं.

ही माणसं कोण, तेही पाहू. कुलगुरू अध्यक्ष, कुलसचिव सचिव. कुलपतींनी आणि कुलगुरूंनी नेमलेले काही. सरकारी अधिकारी, जे बहुधा प्रतिनिधी पाठवतात. विद्यापरिषदेतून आलेले दोघे. आणि अधिसभेतून निवडून गेलेले आठ: दोन प्राचार्य, दोन शिक्षक, दोन संस्थाचालक, दोन पदवीधर. विद्यार्थ्यांचं काय? विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका याच कायद्याने परत आणल्या, आणि त्या अजून झालेल्या नाहीत. म्हणजे ज्यांच्या नावाने हा सगळा संसार उभा आहे, त्यांनी निवडलेलं माणूस खोलीत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक नाही. मग बाहेरच्यांनी आत काय चाललंय हे कळून घ्यायचं कसं? बैठक संपल्यावर विद्यापीठ देईल त्या प्रसिद्धिपत्रकातून. ते पुरेसं नाही.

आधी जमिनीचं बोलू. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचा संशोधक माणूस, कागदपत्रांत रमणारा, पण सागरमाळाच्या ओसाड माळावर विद्यापीठ उभं करायचं तर जागा किती लागेल याचा अंदाज त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी बांधला. 853 एकर. तेव्हा अनेकांना एवढा माळ कशाला हवा असं वाटलं असेल. आज त्या माळावर मोर आहेत, लीड बोटॅनिकल गार्डनचा दर्जा मिळालेली वनस्पती बाग आहे, आणि तळी आहेत. पहाटे निम्मी राजारामपुरी तिथे फिरायला जाते. भाषा भवनाच्या बाजूचं तळं पावसाळ्यात एकदा उभं राहून पाहावं. उतारावरून येणारं पाणी गवतातून, चरांतून, दगडाच्या बांधावरून थांबत थांबत खाली येतं आणि तळ्यात शिरेपर्यंत बरंचसं निवळलेलं असतं. हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं चर खणले, बांध घातले, गाळ काढला. 2019 च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, सगळीकडे पाणी आणि नळाला थेंब नाही अशी अवस्था झाली. तेव्हा याच आवारातलं पाणी शहराच्या उपयोगी पडलं.

म्हणून त्या माळाचा प्रत्येक उतार महत्त्वाचा आहे. वरच्या अंगाला एक सभागृह, त्याचं पार्किंग, त्यासाठी एक डांबरी रस्ता, एवढं झालं की खालच्या तळ्याची वाट बदलते. हा निर्णय बांधकाम विभागाच्या दोन पानी टिपणीवर, चहा यायच्या आत होऊ नये.

यापुढे जमिनीवरची नजर वाढणार आहे. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी या शहराने पिढीभर लढा दिला, त्याचा आनंद आहेच. पण त्यापाठोपाठ वकील येतात, कार्यालयं येतात, घरं येतात, आणि जागेचे भाव वाढतात. विद्यापीठाच्या शेजारच्या शेंडा पार्कात कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली जमीन आयटी पार्कसाठी मागितली गेली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. आयटी पार्क नको असं कोण म्हणेल? पोरं पुण्याला जातात म्हणून इथले आईबाप रडतात. पण शहराला जागा हवी असली की पहिलं बोट विद्यापीठाच्या माळाकडे जातं, हा धडा आहे. आज शेजारच्याची, उद्या आपली. त्या दिवशी व्यवस्थापन परिषदेच्या हातात पक्का, लोकांनी पाहिलेला, हरकती घेऊन कायम केलेला आवार आराखडा असेल, तर 'नाही' म्हणायला बळ मिळेल. तो नसेल, तर मुंबईहून एक फोन पुरे.

आता माणसांकडे येतो. इथे मला जास्त राग आहे.

इमारतीचा पैसा बहुधा योजनेतून येतो. त्याला मुदत असते, खर्च न झाल्यास परत जायची भीती असते. म्हणून इमारतीचा विषय सगळेच घाईने मार्गी लावतात, आणि कोनशिलेवर नावंही येतात. पदाला कोनशिला नसते. पद भरायचं तर आकृतिबंध हवा, वित्त विभागाची मान्यता हवी, बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून हवी, मग जाहिरात, छाननी, निवड समिती. यातलं एक पान अडकलं की वर्ष गेलं. परिणाम असा की नवी इमारत उभी राहते, प्रयोगशाळेत यंत्र येतं, आणि शिकवायला कायमचं माणूस नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ नयेत अशी अट घातली आहे. राज्यातल्या किती विद्यापीठांच्या किती विभागांत हे पाळलं जातं, ते त्या विभागांच्या दारावरच्या पाट्या वाचल्या तरी कळतं.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या पोरापोरींची अवस्था जवळून पाहा. सेट झालेली, नेट झालेली, पीएच.डी. झालेली. नेमणूक सत्रापुरती. सुट्टीत मानधन नाही. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसरीकडे. पेपर तपासायला आहेत, नॅकच्या फायली लावायला आहेत, युवा महोत्सवात मुलांना घेऊन जायला आहेत, पण मानधनाचं बिल कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत'. तिशी उलटते, चाळिशी येते. घरात लग्नाची बोलणी याच एका प्रश्नावर मोडतात: 'पर्मनंट कधी?' या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे आहे हे खरं. पण विद्यापीठाने स्वतःच्या अखत्यारीतलं काम वेळेत केलं का, प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, कोणत्या शेऱ्याने परत आला, पुन्हा केव्हा पाठवला, हे तरी त्यांना समजायला नको का? व्यवस्थापन परिषदेला हे जाहीर करायला शासनाची परवानगी लागत नाही.

वरच्या खुर्च्यांचंही तेच. कुलसचिव, परीक्षा संचालक, वित्त व लेखाधिकारी ही कायद्याने ठरवलेली पदं. राज्यातल्या विद्यापीठांत यातलं एखादं पद प्रभारी व्यक्तीकडे असणं ही आता बातमीही राहिली नाही. प्रभारी माणूस दहा वर्षांच्या आराखड्यावर ठाम सही कशी करेल? तो आजचा दिवस ढकलतो. त्याचा दोष नाही. त्याला तसं बसवणाऱ्यांचा आहे.

आता त्या 'कार्योत्तर मान्यते'चं. विद्यापीठात 'बारा-सात' म्हटलं की शिपायापासून सगळ्यांना कळतं. कायद्याचं कलम 12(7): तातडीची निकड असेल तर कुलगुरूंनी स्वतःच्या अधिकारात पाऊल उचलावं आणि नंतर संबंधित मंडळाला कारणं लेखी कळवावीत. तरतूद योग्य आहे. महापूर येतो, साथ येते, परीक्षा केंद्र पाण्यात जातं, तेव्हा बैठक बोलावत बसता येत नाही. पण एखाद्या जागेचा करार, एखादी बढती, एखाद्यावरची कारवाई यांत कसली आलीय निकड? झालेल्या गोष्टीला परिषद मागाहून मान डोलावते, आणि विरोध असलेला सदस्यही गप्प राहतो, कारण आता बोलून उपयोग काय.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळेल, की माणसांचे विषय गोपनीय असतात. मान्य आहे, अर्धं मान्य आहे. कोणाची चौकशी चालू असताना त्याचं नाव चव्हाट्यावर आणू नये, उमेदवाराचे गुण चौकात वाचू नयेत. पण पद कोणतं, किती दिवस रिकामं, निकष काय, बिंदू कोणता, यात कोणाचं खासगी आयुष्य आहे? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी घट्ट केलं आहे. त्याच्या आडून पदांची यादीही झाकली जाईल अशी भीती मला वाटते. त्यामुळे अर्ज येण्याची वाट न पाहता विद्यापीठानेच ती संकेतस्थळावर टाकावी. माहिती अधिकाराच्या कलम 4 ने हेच सांगितलं आहे, 2005 पासून.

दुसरीकडे हे जमतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सना, म्हणजे त्यांच्या नियामक मंडळाला, खुल्या बैठकांचा कायदा लागू आहे. कार्यक्रमपत्रिका दहा दिवस आधी जाहीर होते. जमिनीच्या सौद्यातली घासाघीस आणि व्यक्तींबद्दलची काही चर्चा दार लावून होते, पण बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा ठराव उघड बैठकीत घ्यावा लागतो. त्याने ते विद्यापीठ काही बुडालं नाही. आपल्याकडे ग्रामसभेत सरपंचाला भर गर्दीत जाब देता येतो, तर विद्यापीठाला कशाची धास्ती?

अजून एक, थोडक्यात. नवी महाविद्यालयं कुठे निघावीत हे ठरवणारा बृहत् आराखडाही याच परिषदेच्या हाताखालून जातो, आणि परिषदेत संस्थाचालक बसतात. ज्या तालुक्यात आपली संस्था आहे त्याचा विषय निघाला की त्या सदस्याने खोलीबाहेर जावं, आणि तो गेला याची इतिवृत्तात नोंद व्हावी. संस्थाचालक वाईट असतात असं मी म्हणत नाही. विद्यापीठाच्या हद्दीतल्या जिल्ह्यांत शाळा-कॉलेजं त्यांनीच गावोगाव नेली. पण स्वतःच्या शेताचा बांध स्वतःच कोणी मोजत नाही.

तेव्हा ठराव असा व्हावा. जमीन, बांधकाम, नेमणूक, बढती आणि कारवाई यांविषयीचा कोणताही विषय टिपणीसह सात दिवस आधी सदस्यांच्या हाती असल्याशिवाय घेऊ नये. नावं झाकून त्याची कार्यक्रमपत्रिका संकेतस्थळावर टाकावी. 12(7) चा वापर झाला तर निकडीचं कारण शब्दशः इतिवृत्तात यावं. रिक्त पदांची आणि प्रस्तावांच्या तारखांची यादी दर तीन महिन्यांनी लावावी. आवाराचा आराखडा अधिसभेपुढे मांडून, हरकती मागवून कायम करावा.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही, एक रुपया खर्च नाही. सध्याच्या अधिकार मंडळांची मुदत ऑगस्ट 2027 मध्ये संपते, म्हणजे बैठका शिल्लक आहेत. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. पदवीधरांच्या मतांवर निवडून आलेले दोघे परिषदेत बसलेले आहेत.