बिनआरशाचा मुक्काम

लोणंदच्या उन्हाळ्यात चेहऱ्यावरचा मेकअप टिकवायचे दोनच मार्ग आहेत. एक तर कुलरच्या तोंडाशी बसून राहावं, नाहीतर अक्षता पडून गेल्यावर थेट पंगतीलाच पोचावं. वैशाखातला साडेबाराचा मुहूर्त गाठणारी बाई मांडवात शिरेपर्यंत तिचं काजळ गालावर, पावडर गळ्यावर आणि लिपस्टिक रुमालावर गेलेली असते. चेहऱ्यावर उरतो तो नुसता उत्साह, तोही आहेराचं पाकीट घरीच राहिल्याचं आठवेपर्यंत.

मुळात आमचा भूगोलच मेकअपच्या विरोधात आहे. पश्चिमेला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. खंडाळा तालुक्याच्या या पूर्वेच्या टोकाला तो पाचशेच्या आसपास झाला तरी आम्ही समाधानी असतो. नीरेचा उजवा कालवा आहे म्हणून डोळ्यांना हिरवं काही दिसतं. पलीकडे पाडेगावला 1932 पासून उसावर संशोधन चाललंय. उन्हात बाईच्या कातडीचं काय करावं याचं संशोधन मात्र ज्याच्या त्याच्या घरी. त्यात लोणंद म्हणजे कांद्याची पेठ. आवक वाढली की बाजार समितीच्या बाजूने कांद्याचे पापुद्रे वाऱ्यावर निघतात, आणि क्रीम लावलेल्या गालावर एखादा गुलाबी पापुद्रा बसला की तो हलत नाही. ब्लशरचा खर्च वाचतो, एवढंच.

यंदा मे महिन्यात भाची आली, म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. पुण्यात नोकरी करते, मला मामी म्हणते आणि माझ्या ड्रेसिंग टेबलाला पुराणवस्तू संग्रहालय म्हणते. आल्या दिवशी तिने खण उपसला आणि वस्तू एकेक करून उलट्या धरायला सुरुवात केली. प्रसाधनांच्या बुडाशी उघड्या झाकणाच्या बरणीचं इवलंसं चित्र असतं आणि त्यात सहा, बारा असे आकडे असतात. डबी उघडल्यापासून किती महिने वापरायची त्याचा तो हिशोब. डोळ्यांच्या वस्तूंना सगळ्यात कमी मुदत. मस्कारा सहा महिन्यांच्या वर ठेवूच नये म्हणतात. माझा कॉम्पॅक्ट धाकट्या दिरांच्या लग्नातला होता. दिरांचा मुलगा यंदा दहावीला आहे.

"मामी, हे टाकायचं."

"अगं, अजून निम्मा आहे."

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, केराची बादली होती. लिपस्टिका तीन निघाल्या: मरून, गडद मरून, आणि दुसऱ्या कंपनीची मरून. तिसरी गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहून झाकणातच वितळून बसली होती. ती मी काडीने काढून वापरत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

मग नव्या उन्हाळ्याचा नवा नेम ठरला. फाउंडेशनला पाऊस पडेपर्यंत रजा. सकाळी सनस्क्रीन, वाटलं तर वरून हलक्या रंगाचं मॉइश्चरायझर, न पसरणारं काजळ आणि ओठांना बाम. यातलं सनस्क्रीन लावायचं ते देवाला गंध लावल्यागत बोटभर नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर रेघ ओढून जेवढं होईल तेवढं एका चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि उन्हात असलो तर दर दोन तासांनी पुन्हा. तीस एसपीएफचं सनस्क्रीन भाजणारे किरण 97 टक्के अडवतं आणि पन्नासचं 98 टक्के. म्हणजे वरच्या वीस आकड्यांना एक टक्का. बाजारातला भाव त्या एका टक्क्याच्या मानाने वाढत नाही, हेही भाचीनेच सांगितलं. पण मोठा आकडा घेऊन पातळ थर देणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. मी दोन बोटं भरून चोपडलं आणि पडवीत आले. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"दिवाळीचा चुना उरला हुता व्हय गं?"

आत्यांचं सगळं प्रसाधन एका फणेरपेटीत मावतं. शिसवी पेटी, झाकण उचललं की आतला आरसा तिरका उभा राहतो. त्याचा पारा केव्हाच गेलाय. त्यात बघितलं तर कपाळ दिसतं आणि हनुवटी नाही. त्यांचं त्यावाचून अडत नाही. मेणाच्या डबीत बोट फिरवायचं, कपाळाच्या मध्यावर टेकवायचं, त्यावर कुंकू दाबायचं, उरलेलं करंगळीने कडेकडेने पुसून घ्यायचं. भाची त्यांना समजावून सांगत होती, की आज्जी, मेकअप घामाने उतरू नये म्हणून आधी प्राइमर नावाचा थर लावतात. आत्यांनी काही न बोलता मेणाची डबी तिच्यापुढे सरकवली.

मधल्या पिढीची मी, टिकलीवाली. टिकली घामाने सुटते हा तिचा लहान दोष. मोठा दोष असा, की काही टिकल्यांच्या डिंकात जे रसायन असतं त्याने काहीजणींच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटतो. त्वचेच्या डॉक्टरांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. तरी आमच्या न्हाणीघराच्या आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग आहेच. मुंबईत पाटणवालांनी 1919 साली अफगाण स्नो काढलं, 1952 साली टाटांनी लॅक्मे काढली, पण या क्रांत्या आमच्या उंबऱ्यावर बराच वेळ थांबून होत्या. हळदीचं क्रीम मात्र आत्यांनी विनातक्रार घरात घेतलं. ते सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर त्या कंपनीची आणि अबकारी खात्याची वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली होती. आत्यांच्या कोर्टात निकाल पहिल्या दिवशीच लागला होता: हळद आहे म्हणजे औषध.

खण रिकामा झाल्यावर भाचीने दुसरा विषय काढला. शनिवार-रविवार धोमच्या बॅकवॉटरला कॅम्पिंग. तंबू त्यांचे, जेवण त्यांचं, माणशी हजार-बाराशे रुपये.

"तंबूत निजायला पैसं?" आत्यांनी गव्हातला खडा बाजूला टाकला. "मेंढक्यांना सांगू नगा."

त्यांचं म्हणणं अगदीच काही चूक नव्हतं. फलटण-माणकडचे मेंढपाळ आमच्या बाजूने जातात, तेव्हा घोड्यावर वाकळा, भांडी, कोंबड्या आणि वर एखादं पोर असतं. ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या तिथे बिऱ्हाड उतरतं, आणि लेंडीखताच्या बदल्यात तो शेतकरीच त्यांना धान्य किंवा पैसे देतो. मुक्काम करणाऱ्याने पैसे घ्यायचे, हा आमच्याकडचा जुना दर.

आणि पालखीचा तळ तर गावातच आहे. आषाढवारीत नीरास्नान उरकून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात शिरते ती लोणंदच्या मुक्कामाला. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, मग तरडगाव. तळावर दिंड्यांचे ट्रक आधी येऊन लागलेले असतात. बघता बघता राहुट्या उभ्या राहतात, दगडांवर पातेली चढतात. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की एवढा समुदाय एकदम गप्प होतो. हरवल्या-सापडल्याच्या वर्दीही तेव्हाच. आम्ही दरवर्षी भाकऱ्यांची टोपली घेऊन जातो. मला तिथे सगळ्यात बघावंसं वाटतं ते पहाटेचं. टँकरखाली अंघोळ करून आलेल्या बाया ओल्या केसांनी राहुटीच्या तोंडाशी बसतात आणि एकमेकींच्या कपाळाला गोपीचंदन, बुक्का लावतात. आरसा कुणाकडेच नसतो. एकदा एका आजीने आपलं आपणच कुंकू लावलं, तर शेजारची म्हणाली, "माउली, डावीकडं सरकलंय," आणि तिने थुंकी न लावता, नुसत्या पदराच्या टोकाने ते ओढून मध्यावर आणलं. आजी बोलत होती ते बोलणं तिने थांबवलंसुद्धा नाही.

तर आम्ही निघालो. मी, भाची आणि हे. खंडाळ्यावरून खंबाटकी चढून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई, आणि वाईच्या पुढे मेणवली, धोम. उन्हाळ्यात धरणाचं पाणी काठ सोडून लांब आत गेलेलं. मधल्या गाळाला भेगा पडलेल्या. समोर कमळगड. काठाला निळे-केशरी तंबू ओळीने. आत्यांनी निघताना खोबरेल तेलाची बाटली हातात दिली होती, कशाला ते न सांगता.

कॅम्पिंगची सुरुवात निराशेची असते हे कुणी सांगत नाही. साडेचारचं ऊन तंबूच्या कापडातून गाळून आत येतं आणि आत तीन माणसं नीट शिजतात. बाहेर सावली एका बाभळीची, तिच्याखाली आमच्या आधी आलेलं एक कुटुंब. ह्यांचं तंबूच्या चेनशी पटेना. ती निम्म्यावर यायची आणि कापड खायची. संध्याकाळी बार्बेक्यू म्हणून मोठ्या कौतुकाने जी काडी हातात आली तिच्यावर पनीर, ढोबळी मिरची आणि कांदा खोचलेला होता. लोणंदचा माणूस घाट ओलांडून इतक्या लांब येतो आणि त्याला पैसे घेऊन कांदा भाजून देतात. ह्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "गरवा आहे."

डासांचं मलम सनस्क्रीनच्या आधी नाही, नंतर लावायचं. सनस्क्रीन मुरू द्यायचं मग ते. तंबूतला दिवा चेन उघडण्याआधी मालवायचा. बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. एवढं समजलं की निम्मं कॅम्पिंग आलं. उरलेलं निम्मं दहा वाजता सुरू झालं, जेव्हा तिथला स्पीकर बंद झाला.

पाण्यावरून वारा सुटला होता. आम्ही चटया बाहेर ओढल्या. भाचीचा मोबाइल गाणी वाजवून मेला होता, म्हणजे सेल्फी नाही आणि आरसाही नाही. हे उताणे पडून म्हणाले, "ते सप्तर्षी. शेपटीचा बाक धरून खाली ये. ती तांबूस, ती स्वाती. तसंच पुढं ये, ती पांढरी, चित्रा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला एक नक्षत्र दाखवलं नव्हतं.

"तुम्हाला कुठून माहीत?"

"रात्रीचं पाणी धरायला जातो की."

शेतीची लाईट आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. हे बॅटरी घेऊन रानात जातात, दारं मोडतात, वाफा भरेपर्यंत बांधावर पडून राहतात. पाणी धरायला गेलेला माणूस पाणीच बघत असेल, असंच कुणालाही वाटेल. भाचीने विचारलं, मामा, अजून कुठली येतात? मग ते सांगत राहिले. दक्षिणेकडून विंचू वर सरकायला लागला, त्याचा नांगीपर्यंतचा आकडा पुरा दिसायला किती वाजतात, वळवाच्या ढगाने तो झाकला की मोटार बंद करून घरी कसं यायचं. शेजारच्या तंबूत एका जोडप्याचं हळू आवाजात भांडण चाललं होतं, चार्जर कुणी विसरला यावरून. कापडाच्या भिंती असल्याने आमचा कल बायकोकडे झाला.

उजाडताना थंडी वाजली. मे महिन्यात! तोंड धुवायला एकच नळ, त्याला रांग, आणि नळावर खिळा होता पण आरसा नव्हता. रांगेतल्या कुणालाच आपण कसे दिसतो ते माहीत नव्हतं आणि बाकीच्या सगळ्यांना माहीत होतं. काल सकाळी अर्धा तास घालून नटलेली एक तरुण पोर केसात गवताची काडी घेऊन उभी होती आणि मोठ्याने हसत होती. तिच्या मागे मी.

"मामी, थांब," भाची म्हणाली. न पसरणारं काजळ माझ्या डाव्या गालापर्यंत आलं होतं. ते पाण्याने हटेना, कारण पाण्याला दाद द्यायची नाही असंच ते बनवलेलं असतं. त्याला तेलच लागतं. तिने आत्यांची बाटली उघडली, ओढणीचं टोक तेलात बुडवलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पुसायला लागली. मी मागच्या बाईशी चहा कुठे मिळतोय त्याबद्दल बोलत होते, ते बोलणं तसंच चालू ठेवलं. मागची बाई मध्येच म्हणाली, "कानाजवळ राहिलंय थोडं." भाचीने तेही काढलं. मग मी तिच्या केसातलं गवत काढलं आणि मागच्या बाईची टिकली, जी तिच्या भुवईवर उतरली होती, उचलून जागेवर लावली. ओळख नंतर झाली. फलटणच्या निघाल्या.

आता जूनच्या आधी आणखी एकदा जायचं चाललंय. माझी पिशवी ठरलीय: सनस्क्रीन, बाम, खोबरेल. टिकलीचं पाकीट नको, आत्यांचं मेण नेते. हे मात्र म्हणतात, जमिनीवर पाठ धरते, आपण आपली बाज नेऊ, गाडीच्या टपावर सहज बांधता येते. भाचीने कॅम्पवाल्यांना मेसेज टाकून विचारलंय, बाज चालेल का म्हणून. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर आलेलं नाही.